शुड म्हणू की मस्ट? दौडीच्या रस्त्यावरचं इंग्रजी

थंडी पडली की आपल्याकडं गावोगावी दौडी सुरू होतात, कुठं २७ डिसेंबरला पंजाबराव देशमुख जयंतीची, कुठं १२ जानेवारीला जिजाऊ जयंतीची, आणि २६ जानेवारीची तर जवळपास प्रत्येक तालुक्यात एखादी असतेच. त्यामुळं की काय, यावेळी आलेले प्रश्न अर्धे पळण्याचे आणि अर्धे इंग्रजीतून सल्ला कसा द्यायचा याचे आहेत, काहींत तर दोन्हीचा काला झालाय. म्हणून या वेळचं सदर असंच जाऊ द्या. नावं छापत नाही, नुसता तालुका देते.

मॅडम, मी बारावी आर्ट्सला आहे. आमच्या कॉलेजची २६ जानेवारीला ५ किलोमीटरची दौड आहे आणि आम्हा मुलींकडं पाण्याचा स्टॉल दिला आहे. इंग्रजीचे सर म्हणाले स्टॉलवर इंग्रजीत सल्ल्याचे बोर्ड लावा, प्रोजेक्टमध्ये धरतो. मी बोर्ड बनवले, यू मस्ट ड्रिंक वॉटर, यू मस्ट स्टार्ट स्लोली, यू मस्ट नॉट वेअर न्यू शूज, असे सगळे. सर हसले आणि म्हणाले हे वाचून लोक पळायच्या आधीच घरी जातील. मस्ट चुकीचं आहे का? आम्ही तर ॲडव्हाइस म्हटलं की शुड आणि ऑब्लिगेशन म्हटलं की मस्ट एवढंच पाठ केलंय.
— विद्यार्थिनी, आर्वी

पाठ केलंय ते सोडू नको, पेपरात मॉडल ऑक्झिलरी शोइंग ॲडव्हाइस दिसलं की डोळे मिटून शुड लिहायचं, मार्क घ्यायचा आणि पुढच्या प्रश्नावर जायचं. पण बोर्ड वाचणारा माणूस पेपर तपासत नसतो ना, तो घामानं निथळत पळत येतो, त्याला दोन सेकंदात कळलं पाहिजे की काय करायचं, आणि नाही केलं तर किती बिघडते. हे 'किती बिघडते' सांगायचं काम मॉडलचं, म्हणजे शुड, मस्ट, कुड अशा मदतीच्या क्रियापदांचं असते. तू सगळीकडं मस्ट लावलं म्हणजे सगळंच सारखं भयंकर झालं, मग खरंच भयंकर असलेल्या गोष्टीला तुझ्याकडं शब्दच उरला नाही.

आता तुझा पाण्याचाच बोर्ड घे. यू मस्ट ड्रिंक वॉटर हे इंग्रजी म्हणून बरोबर आहे, पण सल्ला म्हणून चूक आहे. तहान नसताना प्रत्येक स्टॉलवर ग्लासच्या ग्लास साधं पाणी ढोसत गेलं तर रक्तातलं सोडियम पातळ होते, डोकं दुखते, मळमळते, फारच झालं तर माणूस बेशुद्धही पडू शकतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये पळालेल्या ४८८ जणांचं रक्त तपासलं होतं, तर १३ टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं. आता ते ४२ किलोमीटरवाले, तुमच्या ५ किलोमीटरला आणि जानेवारीच्या सकाळी एवढं काही होत नाही, पण जी गोष्ट ज्याच्या त्याच्या तहानेवर सोडायची तिला मस्ट कशाला? ड्रिंक व्हेन यू आर थर्स्टी एवढं लिही. त्यात मॉडलच नाही म्हणशील, तर नसू दे, बोर्डावर नुसतं क्रियापद छान दिसते आणि लांबून वाचता येते. सर मॉडलच पाहिजे म्हणाले तर यू शुड ड्रिंक व्हेन यू आर थर्स्टी कर.

हळू सुरुवात करा, याला शुड. यू शुड स्टार्ट स्लोली. कारण हा खरा सल्ला आहे, ऐकलं तर फायदा, नाही ऐकलं तर ज्याचं त्याला भोगा लागते, बाकी कोणाचं काही जात नाही. दरवर्षी बघतोच ना आपण, सरपंचांनी झेंडी हलवली रे हलवली की पोट्टे असे सुटतात जसं ५ किलोमीटर नाही शंभर मीटर आहे, आणि नाल्याच्या पुलापर्यंत गेले की कमरेवर हात ठेवून उभे, मागून धोतरवाले एखादे बाबाजी आरामात एका लयीत पुढं निघून जातात. नवीन बुटाचंही तसंच, यू शुडन्ट वेअर न्यू शूज ऑन रेस डे. टाचेला फोड येईल, जीव जाणार नाही, शुडन्ट पुरे.

चढावर किंवा दम लागल्यावर थोडं चाललं तरी चालते, हे सांगायला कुड वापर. यू कुड वॉक फॉर अ मिनिट. हा सगळ्यात मऊ, कर किंवा नको करू, एक मार्ग दाखवला फक्त. थकलेल्या माणसाला हाच ऐकायला बरा वाटतो, शुड म्हटलं तर त्याला वाटते आपल्याला हरलेला समजून राहिले.

मग मस्ट कुठं? छातीत दुखलं तर थांबायचं, तिथं. इफ यू हॅव चेस्ट पेन, यू मस्ट स्टॉप. हा बोर्ड लाल रंगात कर, मोठा कर, आणि मस्टवाला एवढाच एक ठेव. अॅम्ब्युलन्सला रस्ता देण्याचा अजून एक करायचा असेल तर कर, तिसरा नको.

आणि दोन बारक्या गोष्टी. शुडमधल्या एलचा उच्चार करायचा नाही, आपल्याकडं 'शुल्ड' म्हणणारे बरेच आहेत, मास्तर लोकांतही आहेत. आणि शुड, मस्ट, कुडच्या पुढं क्रियापद उघडंच ठेवायचं, टू नाही, एस नाही, आयएनजी नाही. ही शुड स्टार्ट्स असं लिहिलंस तर माझं नाव सांगू नको.

ताई, मी पोलीस भरतीची तयारी करून राहिलो. १६०० मीटरसाठी मोबाईलवर इंग्रजी व्हिडिओ पाहतो. त्यातला कोच घडीघडी यूड बेटर स्लो डाऊन, यूड बेटर स्टॉप असं म्हणते, खाली हॅड बेटर लिहून येते. हॅड तर भूतकाळ आहे न, मग आत्ता करायच्या गोष्टीले हॅड काहून? दुसरं म्हणजे आमच्या ग्रुपवर मी एका सिनियर दादाले यू हॅड बेटर कम अर्ली टुमारो असं टाकलं तर तो बोलतच नाही आता.
— भरतीवाला, दारव्हा

दादाचं आधी सांगते. तू त्याला विनंती करायला गेला आणि धमकी देऊन आला. हॅड बेटरमध्ये एक न बोललेलं शेपूट असते, 'नाही तर बघ'. यू हॅड बेटर कम अर्ली म्हणजे लवकर ये, नाही आला तर तुझं काही खरं नाही. हे आई मुलाला म्हणू शकते, कोच खेळाडूला म्हणू शकतो, ठाणेदार शिपायाला तर म्हणतोच, तू भरती झाला की ऐकशीलच. सिनियरला असं म्हणत नसतात. तुला म्हणायचं होतं ते सल्ल्यात बसतच नाही, ती विनंती आहे, कुड यू कम अ बिट अर्ली टुमारो, दादा? एवढं टाक आणि चहा पाज, बोलेल.

आता हॅडचं. ते दिसते भूतकाळासारखं पण अर्थ आत्ताचा किंवा पुढचा आहे, आणि यात नवल वाटण्यासारखं काही नाही कारण आपणही तेच करतो. आभाळ भरून आलं की वावरात काय म्हणतो आपण, 'निघालेलं बरं'. अजून निघालो कुठं, पण रूप निघालेलंचं. त्यात तेच शेपूटही आहे, नाही निघालो तर भिजू. म्हणून 'गेलेलं बरं, थांबलेलं बरं' असं जिथं तोंडातून सहज येते तिथं हॅड बेटर बसते असं समज, दहात नऊ वेळा जमून जाते.

तू पहाटे डांबरी रोडवर पळतोस, तिथंच हे सगळं शिकता येते. या दिवसांत जिनिंगला जाणारे कापसाचे ट्रॅक्टर असतात, ट्रॉलीला मागचा लाइट नसतो, कापूस दोन्ही बाजूंनी रस्त्यावर आलेला, ड्रायव्हरला तू दिसत नाहीस आणि तुला ट्रॉली किती रुंद आहे ते कळत नाही. समोरून असा येताना दिसला तर मित्राला म्हणायचं, वीड बेटर गेट ऑफ द रोड. आत्ताची गोष्ट, समोर दिसणारी, नाही केलं तर लगेच भोगायची. पण रोजची सवय सांगायची असेल, की रस्त्याच्या उजव्या बाजूनं पळावं म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते, तर ते शुडचं काम, यू शुड रन फेसिंग द ट्रॅफिक. तिथं हॅड बेटर लावलं तर ऐकणाऱ्याला वाटेल आज काहीतरी खास झालंय. तसंच यू हॅड बेटर रन एव्हरी डे हेही बरोबर वाटत नाही, रोजच्या गोष्टीला शुड.

नकार करताना नॉट मागं जातो, यूड बेटर नॉट रन टुडे, पाय मुरगळला असेल तेव्हाचं वाक्य. हॅडन्ट बेटर असं करू नको. आणि हॅड बेटरच्या पुढं टू लावू नको, हॅड बेटर टू स्टॉप असं भरपूर पोरं लिहितात. बोलताना हॅडचा नुसता ड उरतो आणि घाईत तोही गिळला जातो, म्हणून व्हिडिओत कधीकधी नुसतं यू बेटर ऐकू येईल, तू लिहिताना मात्र पूर्ण लिही.

विचारलं नाहीस तरी एक सांगते, मैदानीच्या ५० मार्कांत १६०० मीटरला २० आहेत म्हणून रोज सकाळी घड्याळ लावून जीव तोडून पळणारे बरेच असतात आणि मग ऐन वेळी नडगी धरून बसतात. यू शुडन्ट रेस एव्हरी डे. आणि नडगी दुखून राहिली असेल तर यूड बेटर रेस्ट.

माननीय बाई, नातू इंग्रजी माध्यमात आहे. त्याच्या व्याकरणात ऑट टू आहे. आमच्या वेळी गुरुजी सांगत की नैतिक कर्तव्य असले की ऑट टू आणि साधा सल्ला असला की शुड. नातू म्हणतो आजोबा ऑट टू आता कोणी बोलत नाही. कोणाचे बरोबर?
— निवृत्त ग्रामसेवक, मोर्शी

काकाजी, दोघांचंही. गुरुजींनी सांगितलेला फरक खोटा नाही, ऑट टूमध्ये 'हे करणंच योग्य आहे' अशी झाक थोडी जास्त असते, दौडीत पुढचा माणूस पडला तर वी ऑट टू हेल्प हिम म्हणावं असं तुम्हाला वाटेल आणि ते शोभूनही दिसेल. पण वी शुड हेल्प हिम म्हटलं तरी कोणी कमी माणुसकीचं समजत नाही. बोलण्यात आता शुडच चालते. परीक्षेपुरतं नातवाला एवढं सांगा की शुड, मस्ट, कुडच्या घराण्यात टू घेऊन फिरणारा हा एकटाच, ऑट टू हेल्प, नकारात ऑट नॉट टू. पण तुमच्या तोंडी ऑट टू असू द्या, छान वाटते.

मॅडम, आमच्या मंडळाची ३ आणि १० किलोमीटरची दौड असते. नागपूरहून पळणारे येतात, त्यात मराठी न येणारेही असतात, म्हणून सूचनांचा कागद इंग्रजीतही काढला. आमची गावातली बरीच पोरं अनवाणी पळतात, त्यांना संकोच नको म्हणून मराठीत लिहिलं होतं 'बूट घालायलाच पाहिजेत असं नाही'. इंग्रजीत ते झालं रनर्स मस्ट नॉट वेअर शूज. फोनवर फोन आले, एक जण म्हणे ही काय पदयात्रा आहे का. आता नवीन कागद काढायचाय.
— मंडळाचा कार्यकर्ता, काटोल

हसू आलं, माफ करा. पण ही गफलत भल्याभल्यांची होते आणि का होते ते बघण्यासारखं आहे. होकारात मस्ट आणि हॅव टू जवळजवळ जुळे भाऊ, यू मस्ट वेअर युवर नंबर, यू हॅव टू वेअर युवर नंबर, दोन्हीचा अर्थ नंबर लावाच. नकारात मात्र दोघांच्या दोन दिशा होतात. मस्ट नॉट म्हणजे मनाई, करायचंच नाही. डोन्ट हॅव टू म्हणजे गरज नाही, केलं तरी चालते. तुम्हाला म्हणायचं होतं रनर्स डोन्ट हॅव टू वेअर शूज, किंवा कागदावर जरा भारदस्त दिसायला रनर्स नीड नॉट वेअर शूज. 'पाहिजेत' दिसलं की मस्ट आणि 'नाही' दिसलं की नॉट असं शब्दाला शब्द लावत गेलं की हेच होणार.

बुटाच्या बाबतीत तर मस्टही नको आणि मस्ट नॉटही नको. १९६० च्या रोम ऑलिम्पिकची मॅरेथॉन इथिओपियाचा अबेबे बिकिला अनवाणी पळून जिंकला आणि १९६४ ला टोकियोत बूट घालून परत जिंकला. तुमच्या रस्त्यावर बाभळीचे काटे आणि उखडलेली गिट्टी असेल तर तेवढं मात्र आधी सांगून ठेवा, द रोड हॅज थॉर्न्स, यू माइट वॉन्ट टू वेअर शूज. हे माइट वॉन्ट टू पाहुण्यांसाठी फार उपयोगाचं आहे, सल्ला दिला पण गळ्यात नाही मारला. आपल्याकडं पाहुण्याला जेवताना 'अजून एक भाकर घेता का' विचारतात तसं.

बाकी कागदावर जिथं खरोखर नियम आहे तिथं मस्ट ठेवा, नंबर छातीवर लावायचा, मोटरसायकल सोबत आणायची नाही, याला पाहुण्यांचा मान ठेवत बसू नका. मुलाच्या मागं मोटरसायकलवर बसून 'चल पळ' ओरडणारे बाप मी दरवर्षी पाहते, त्यांच्यासाठी बाइक्स मस्ट नॉट एंटर द कोर्स. आणि पार्टिसिपंट्स शुड रिपोर्ट बाय ५:३० असं लिहिलं तर पळणाऱ्यांना तो सल्ला वाटत नाही, पत्रकातला शुड हा सभ्य कपडे घातलेला हुकूमच असतो, शाळेच्या आणि सरकारी कागदात तसाच वापरतात. तरी आपल्या लोकांची वेळ पाळायची सवय बघता मी तिथं मस्ट लिहीन.

ताई, आठवीच्या मुलांना तालुक्याच्या दौडीला नेलं होतं. दुसऱ्या दिवशी अनुभव इंग्रजीत लिहायला लावला तर सगळ्यांनी आय शुड ड्रिंक वॉटर यस्टरडे, आय शुड रन स्लोली यस्टरडे असं लिहिलं. शुड हॅव कसं समजवू? व्याकरणाचं सूत्र फळ्यावर लिहून झालं, उपयोग नाही.
— जि.प. शिक्षिका, सिंदेवाही

सूत्र फळ्यावर राहू द्या आणि मुलांना बोलू द्या, कारण तुमच्याकडं आयता माल आहे. दौड संपल्यावर पळणारा माणूस दुसरं काय बोलत असतो? 'हळू पळायला पाहिजे होतं, लघवी करून यायला पाहिजे होतं, सकाळी तर्री पोहे नाही खायला पाहिजे होते.' या प्रत्येकात 'होतं' आहे. मुलांना सांगा, तुमच्या वाक्यात पाहिजेच्या मागोमाग 'होतं' आलं की इंग्रजीत शुडच्या मागोमाग हॅव येते आणि त्यापुढं क्रियापदाचं तिसरं रूप. आय शुड हॅव स्टार्टेड स्लोली. आय शुडन्ट हॅव इटन पोहा. 'पाहिजे' आणि 'पाहिजे होतं' यातला फरक मुलांना जन्मापासून येतो, तो नव्यानं शिकवायचाच नाहीये.

वर्गात असं करून बघा. प्रत्येकानं एका चिठ्ठीवर आपलं काय बिघडलं ते लिहायचं, पोटात कळ आली, बुटाची लेस सुटली, नंबरची पिन टोचली, रस्ता चुकलो आणि कोणाच्या तरी तुरीत शिरलो, काहीही. चिठ्ठी दुसऱ्यानं उघडायची आणि ती आपलीच समजून बोलायचं, आय शुड हॅव टाइड माय लेसेस प्रॉपर्ली. मग तिसऱ्यानं पुढच्या वर्षीचा सल्ला द्यायचा, नेक्स्ट टाइम यू शुड टाय अ डबल नॉट. झालेलं आणि होणारं एका चिठ्ठीत शेजारीशेजारी आलं की आय शुड यस्टरडे आपोआप कमी होते.

चिठ्ठी 'आपलीच समजून' हे मी मुद्दाम म्हटलं. शुड हॅव स्वतःला लावलं तर हळहळ असते, दुसऱ्याला लावलं की टोमणा होतो. यू शुड हॅव लिसन्ड टू मी हे घरोघरी ऐकू येते आणि त्यानं कोणाचं भलं झालेलं नाही. मुलं एकमेकांना यू शुड हॅव, यू शुड हॅव करायला लागली की वर्गात भांडणं होतील, म्हणून पहिल्या दिवशी फक्त आय. उच्चार ऐकवताना शुड हॅव असं तोडून नको, बोलण्यात ते शुडव असं एक होते, आणि म्हणूनच काही जण शुड ऑफ लिहून ठेवतात, त्यावर डोळा ठेवा.

तर्री पोह्यांचं वाक्य मात्र सगळ्यांकडून म्हणवून घ्या, इटन हे रूप पक्कं होईल आणि पुढच्या दौडीआधी पोटंही वाचतील.

मॅम, दौडीच्या बॅनरवर फाइव्ह ॲडव्हायसेस फॉर रनर्स असं छापायला टाकलंय, बरोबर आहे ना? उत्तर लवकर द्या, प्रिंटरकडं गेलंय.
— वणी

प्रिंटरला फोन लावा. ॲडव्हाइस मोजता येत नाही, पाणी आणि तांदळासारखं, त्याचं अनेकवचन होत नाही, आणि फाइव्ह पीसेस ऑफ ॲडव्हाइस एवढं बॅनरवर मावणार नाही. शिवाय सल्ला हे नाम असेल तर स्पेलिंगमध्ये सी, सल्ला देणं हे क्रियापद असेल तर एस आणि उच्चार ॲडव्हाइझ, त्यातही प्रिंटर घोळ घालू शकतो. फाइव्ह टिप्स फॉर रनर्स करा, अक्षरंही कमी लागतील.